मधली पायरी बांधणारा माणूस : बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी

यंदा रमजान परीक्षांच्या दिवसांत आला आहे. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपली की आमच्या गल्लीत दोन प्रकारची लगबग सुरू होते. घरात इफ्तारीसाठी फळे चिरली जातात, भज्यांचे पीठ कालवले जाते, खजुराचे डबे उघडतात. बाहेर ओट्यावर दहावीची मुले पुस्तके मांडून बसतात. परवा असाच एक मुलगा इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होता. रोजा असल्याने ओठ सुकलेले होते, पण वाचन कुठे अडखळत नव्हते. मला कौतुक वाटले. मी थांबून विचारले की बेटा, या धड्यात सांगितले काय आहे? त्याने एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि लाजून हसला. चाचा, वाचता येते, पण समजत नाही, असे त्याने खरे सांगून टाकले.

त्याच्या शेजारी त्याचा वर्गमित्र बसला होता. हा सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, इथे वसतिगृहात राहून शिकणारा. घरची बोली पावरी, शाळा मराठी. त्याच्या हातात इंग्रजीचे गाइड होते आणि त्यात पेन्सिलीने खूप खुणा केलेल्या होत्या. मी पाहिले तर खुणा इंग्रजी शब्दांखाली नव्हत्या, त्यांच्या मराठी अर्थांखाली होत्या. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ गाइडात दृष्टिकोन असा दिला होता, आणि दृष्टिकोन म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. म्हणजे ज्या किल्लीने कुलूप उघडायचे, ती किल्लीच दुसऱ्या एका पेटीत बंद होती.

या दोन मुलांना कुणी ढ म्हणू नये. दोघेही मेहनती आहेत. त्यांची अडचण डोक्याची नाही, जिन्याची आहे. घरची भाषा खालच्या मजल्यावर, इंग्रजी वरच्या मजल्यावर, आणि मधली पायरी गायब. ही अडचण आजची नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने ती नेमकी ओळखली होती आणि ती पायरी बांधण्यासाठी आपले वजन, वेळ आणि पैसा खर्च केला होता. रमजानच्या या पानावर आज त्याच माणसाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

मदरशातून एल्फिन्स्टनमध्ये

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे, मूळ गुजरातेतल्या खंभातचे. वडील तय्यबअली भाईमियाँ हे मुंबईत नावारूपाला आलेले व्यापारी. त्या काळी बोहरा घरांत गुजराती बोलली जाई. मुलगा शिकण्याच्या वयाचा झाला तेव्हा त्याला दादा मखरा यांच्या मदरशात घातले. तिथे उर्दू आणि फारसी शिकणे झाले. पुढे त्याचे नाव एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले, आणि तिथे इंग्रजीशी गाठ पडली.

जरा हिशेब करून पाहा. घरी गुजराती, मदरशात उर्दू आणि फारसी, बाजारात मुंबईची मराठी, वर्गात इंग्रजी. आज आपल्या तळोद्यातल्या मुलाचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. फरक एवढाच की बद्रुद्दीन यांच्या पाठीशी घर उभे होते. त्या काळात मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाबद्दल मोठा संशय होता. मुलगा इंग्रजी शिकला की दीन विसरेल, आपला राहणार नाही, अशी भीती घरोघरी होती. तय्यबअलींनी ती भीती बाजूला सारली आणि आपल्या सगळ्या मुलांना युरोपात शिकायला पाठवण्याचा निर्णय घेतला. थोरला भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाला. तिथे तो मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. त्याच्याकडे पाहूनच पंधरा वर्षांच्या बद्रुद्दीनने बॅरिस्टर व्हायचे ठरवले.

घरात एक जण पुढे गेला की मागच्याला वाट दिसते. शिकणाऱ्या मुलाला सगळ्यांत मोठा आधार पुस्तकाचा नसतो, आधी चालून गेलेल्या माणसाचा असतो. कमरुद्दीन यांनी धाकट्या भावाला दिलेला आधार असा होता.

डोळे अधू, वाट परकी

बद्रुद्दीन यांचे डोळे लहानपणापासून नाजूक. म्हणून एल्फिन्स्टननंतर त्यांना आधी फ्रान्सला उपचारासाठी पाठवले गेले. १८६० मध्ये, सोळाव्या वर्षी, ते लंडनच्या न्यूबरी हाय पार्क कॉलेजात दाखल झाले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता, तो पुढे १८६९ मध्ये झाला. म्हणजे मुंबई ते इंग्लंड हा प्रवास आजच्या मुलाला कल्पनाही करता येणार नाही इतका लांबचा आणि अवघड. वडिलांनी सोबत ओळखपत्रे दिली होती. त्यांत एक हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या नावाचे होते. परक्या गावात मुलगा एकटा पडू नये, म्हणून बापाने केलेली ती तरतूद होती.

लंडन विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा पास झाल्यावर १८६३ मध्ये बद्रुद्दीन यांनी मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातले. बॅरिस्टर व्हायचे तर नुसती पुस्तके वाचून भागत नसे. संस्थेच्या मोठ्या दालनात ठरलेल्या संख्येने जेवणावळींना हजर राहावे लागे, वकिलांच्या पंगतीत बसून त्यांची भाषा, त्यांची बोलण्याची रीत अंगात मुरवावी लागे. भाषा अशीच येते. ती नियमांनी कमी आणि बोलणाऱ्यांच्या संगतीने जास्त येते.

आणि मग डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. आपल्याकडे एखाद्या मुलाचे वर्ष वाया गेले की नातेवाईक लगेच निकाल देऊन मोकळे होतात. याचे आता काही खरे नाही, याला दुकानावर बसवा, असे सल्ले येतात. बद्रुद्दीन यांचे वर्षभर असेच गेले. पण १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, अर्धा राहिलेला अभ्यास हाती घेतला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. डिसेंबरात मुंबईला आले ते मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून. वय तेवीस.

त्या कोर्टात तोवर बॅरिस्टर म्हणजे गोरा साहेब, असेच समीकरण होते. इंग्रजी ही साहेबाची जन्मभाषा, आणि हा तरुण तर ती मदरशानंतर शिकलेला. तरी त्याच भाषेत साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन, ज्यूरीपुढे मुद्दे मांडून त्यांनी नाव कमावले. दुसरी, तिसरी, चौथी म्हणून शिकलेली भाषाही माणसाच्या हातात हत्यारासारखी बसू शकते, याचा हा रोकडा पुरावा होता.

आपण चढलो, मागच्यांचे काय?

इथवरची गोष्ट एका हुशार आणि सुखवस्तू मुलाच्या यशाची आहे. अशा गोष्टी पुष्कळ असतात. बद्रुद्दीन यांची आठवण ठेवायची ती यानंतरच्या गोष्टीसाठी. वर पोचलेल्या माणसाने मागे वळून पाहिले, आणि आपल्या मागे जिना रिकामा का आहे, असे विचारले.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिक्षणाची रीत अशी होती. मुलाने आधी देशी भाषेच्या प्राथमिक शाळेत शिकायचे, बहुतेक ठिकाणी मराठी किंवा गुजराती. तिथले इयत्ते पुरे झाले की इंग्रजी शाळेत जायचे, आणि तिथे त्याच देशी भाषेतून भाषांतर करत करत इंग्रजी शिकायची. मराठी घरातल्या मुलांसाठी हा जिना बरा होता. जुन्या पिढीतल्या वाचकांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवत असेल. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, हा तिचा सगळा प्राण. कित्येक पिढ्या तिच्या आधाराने इंग्रजीच्या माडीवर चढल्या. पण त्या पाठमालेचा उपयोग कुणाला? ज्याला मराठी आधीच येते त्याला.

ज्या मुलाच्या घरात उर्दू बोलली जाते, ज्याची पहिली काही वर्षे कुराण शरीफचे पठण आणि थोडी फारसी शिकण्यात जातात, तो इंग्रजी शाळेच्या दाराशी पोचेपर्यंत वयाने मोठा झालेला असे. तिथे त्याच्यापुढे इंग्रजी यायची ती मराठीतून किंवा गुजरातीतून. एका नव्या भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्धवट भाषेतून. बरेच जण पहिल्या दुसऱ्या वर्षीच शाळा सोडत. मग बाहेरचे लोक म्हणत की मुसलमानांना शिकायची इच्छा नाही, आणि घरचे म्हणत की इंग्रजी आपल्या नशिबात नाही. दोघांनाही मधली गायब पायरी दिसत नव्हती.

ती बद्रुद्दीन, कमरुद्दीन आणि त्यांच्या मित्रांना दिसली. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभी राहिली. अंजुमन म्हणजे सभा, मंडळ. दोघे तय्यबजी बंधू आणि कोकणी मुसलमान समाजातले व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे ही त्यातली ठळक नावे. व्यापारी पैसा देणारा, सॉलिसिटर आणि बॅरिस्टर सरकारदरबारी बाजू मांडणारे, अशी ती जोडणी होती. १८८० मध्ये अंजुमनने आपली शाळा उघडली.

या शाळेत वेगळे काय होते? मुलाला जे येते तिथून सुरुवात, एवढेच. त्याची उर्दू शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवायला कुणी सांगितले नाही. दीनी शिक्षण, उर्दू, फारसी आणि इंग्रजी हे सगळे एका छपराखाली आले. आईबापांची भीती त्यामुळे अर्धी झाली, कारण मुलगा दोन तुकड्यांत वाटला जात नव्हता. आणि मुलाची अडचण अर्धी झाली, कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याला त्याच्या आईच्या बोलीत मिळू लागला. घरची भाषा ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड नाही, तीच पहिली पायरी आहे, हे या शाळेने कामातून दाखवून दिले.

दोन्हीकडून टीका झालीच. काहींना वाटे, इंग्रजी आणून हे मुलांना बिघडवत आहेत. काहींना वाटे, उर्दू फारसीत वेळ घालवून हे मुलांना मागे ठेवत आहेत. बद्रुद्दीन दोघांशीही भांडत बसले नाहीत. शाळा चालवत राहिले. पुढे बोरीबंदर स्टेशनासमोर अंजुमनची भव्य इमारत उभी राहिली, १८९३ मध्ये. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडलेला माणूस समोर पाहतो ती घुमट आणि मनोरे असलेली वास्तू तीच. आपल्याकडचे कुणी कामानिमित्त मुंबईला गेले, तर तिच्याकडे एकदा थांबून पाहावे.

एकाच आयोगापुढे

१८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला. महाराष्ट्राला हा आयोग आठवतो तो महात्मा जोतीराव फुले यांच्या निवेदनामुळे. खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या, शूद्रातिशूद्रांच्या मुलांपर्यंत प्राथमिक शिक्षण पोचवा, वरच्या थरातून ते आपोआप खाली झिरपेल या भरवशावर राहू नका, अशी त्यांची मागणी होती. त्याच आयोगापुढे बद्रुद्दीन तय्यबजींनीही साक्ष दिली. मुसलमान मुले शाळेत मागे का राहतात, याची कारणे त्यांनी मांडली. गरिबी, जुन्या वैभवाचा अभिमान, आणि मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवणाऱ्या शाळांची वाण.

एक पुण्याचा, एक मुंबईचा. एकाचा समाज वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. पण दोघांच्या म्हणण्याचा गाभा एकच निघतो. जो मागे आहे त्याच्यासाठी दार नुसते उघडे ठेवून चालत नाही, दारापर्यंत वाट करून द्यावी लागते. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत प्राथमिक आणि मधल्या शाळांत हिंदुस्थानी भाषेतून शिक्षण, इंग्रजीच्या वरच्या शिक्षणाला उत्तेजन, शिष्यवृत्त्या, नादारी आणि मुसलमान शिक्षकांना तयार करणारे वर्ग या गोष्टी होत्या. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मुलाची बोली जाणणारा शिक्षक नसेल, तर बाकी सगळे कागदावर राहते.

सगळ्यांचे बद्रुद्दीन

बद्रुद्दीन फक्त आपल्या समाजापुरते राहिले असते, तर हा लेख आमच्या घरांपुरताच राहिला असता. तसे नव्हते. १८७३ पासून ते मुंबई महापालिकेत होते. १८७५ पासून १९०५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक मराठी हिंदू, एक मुसलमान, आणि तिघेही एकाच कोर्टातले वकील. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. ही मंडळी निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळ्या भाषा बोलणारी. त्यांना एका मांडवात आणणारी भाषा इंग्रजी होती, हेही ध्यानात घ्यावे.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधीचे जामिनाचे अर्ज नामंजूर झाले होते. शेवटी अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारची नजर ज्या माणसावर होती त्याला मोकळे करणे सोपे नव्हते. टिळक काँग्रेसमधल्या दुसऱ्या विचारांचे, तय्यबजी मवाळ. पण न्यायाच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी कायदाच पाहिला. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. मुंबईत हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी न्यायमूर्ती.

घरातही हा माणूस तसाच होता. त्यांनी आपल्या मुलींना शिकवले, पडद्याच्या जाचाविरुद्ध उभे राहिले, आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि तिथेही त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली. तय्यबजी कुटुंबात एक सुरेख रीत होती. घरात अखबार नावाच्या वह्या ठेवलेल्या असत आणि लहानथोर मंडळी त्यात घडलेल्या गोष्टी, प्रवास, मनातले विचार लिहीत. घराने गुजराती सोडून उर्दू आपलीशी केली होती, त्या भाषेत हात बसावा याला अशा वह्यांचा मोठा उपयोग. परीक्षेसाठी नव्हे, घरच्यांनी वाचावे म्हणून लिहिणे, यासारखा भाषेचा सराव नाही.

ऑगस्ट १९०६ मध्ये रजेवर लंडनला गेलेले असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सोळाव्या वर्षी अधू डोळे घेऊन ज्या शहरात शिकायला गेले होते, त्याच शहरात.

तळोद्याचा हिशेब

आता पुन्हा आपल्या ओट्यावर येऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे दहावीच्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी शिकलेली असते. दहा वर्षे शिकूनही अर्थ लागत नसेल, तर दोष एकट्या मुलाचा कसा? आपला तालुका भाषांचा बाजार आहे. भिली, देहवाली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, उर्दू, मराठी. एकाच बाकावर चार मातृभाषा बसतात. उर्दू शाळेतल्या मुलाला निदान त्याच्या भाषेतून अर्थ मिळण्याची सोय आहे, आणि ती ज्या विचाराने मिळाली त्यामागे बद्रुद्दीन यांच्यासारख्यांची मेहनत आहे. पाड्यावरच्या मुलाला ती सोय अजून पुरती मिळालेली नाही. जे दुखणे १८८० मध्ये मुंबईतल्या उर्दू बोलणाऱ्या मुलाचे होते, तेच आज सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या मुलाचे आहे. ज्यांनी ते दुखणे सोसले, त्यांना ते दुसऱ्याच्या अंगावर आधी ओळखू यायला हवे.

आणि आम्हा मुसलमानांना तर अक्षर येणे आणि अर्थ न लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आमच्यातले कितीतरी जण अरबी अस्खलित वाचतात, पण अर्थासाठी तर्जुमा उघडावा लागतो. तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आपल्या बोलीत हाताशी असले की डोळे पाणावतात. नसले की नुसते ओठ हलतात. कुराण शरीफची पहिली उतरलेली आज्ञा वाचनाची आहे, हे रमजानमध्ये मशिदीमशिदींतून सांगितले जाते. अर्थासह वाचणे हे त्या आज्ञेचेच पुढचे पाऊल मानायला काय हरकत आहे?

करता येण्यासारखे फार काही अवघड नाही. मुलाच्या वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात त्याच्या घरची बोली. तिसरा रकाना त्याने स्वतः भरायचा, आईला, आजीला विचारून. रोज दहा शब्द धरले तरी रमजानच्या महिन्यात तीनशेच्या आसपास होतात. धडा वाचून झाला की आधी त्याची गोष्ट मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्या, मग मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मोडकी इंग्रजी ऐकून हसू नका. लंडनच्या पंगतीत बसलेल्या त्या अठरा एकोणीस वर्षांच्या मुलाचे सुरुवातीचे इंग्रजीही लगेच कोर्टात शोभेल असे नसणार. ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही मागे सरू नये. आज काय वाचलेस, मला सांग, एवढे विचारायला इंग्रजी लागत नाही. आणि ज्याला अर्थ सांगता आला, त्याला तो कळला.

रमजानमध्ये जकात काढली जाते. वर्षभराच्या शिलकीतून अडीच टक्के गरजूंसाठी बाजूला ठेवायचे, असा तो हिशेब आहे. तो पैशाचा. पण वेळेचाही असा हिशेब आपल्या मनाशी करून पाहिला तर? दिवसाच्या चोवीस तासांचे अडीच टक्के म्हणजे छत्तीस मिनिटे. शरियतने हे बंधन घातलेले नाही, हे मी माझ्यापुरते म्हणतो. आपल्या गावात इंग्रजी येणारे शिक्षक आहेत, बँकेत, पोस्टात, दवाखान्यात काम करणारे आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. त्यांनी रोजची छत्तीस मिनिटे एका मुलाला दिली, तर बद्रुद्दीन यांनी बोरीबंदरसमोर दगडात जे बांधले, ते आपण ओट्यावर बिनपैशात बांधू.

परवा मगरिबची अजान होईपर्यंत आम्ही तिघांनी मिळून बावीस शब्द लिहिले. दृष्टिकोन या शब्दावर बराच वेळ गेला. आमच्या गल्लीतल्या मुलाने उर्दूत नजरिया म्हटले आणि त्याला एकदम उजेड पडला. पावरीतला शब्द मला येत नव्हता. पाड्यावरच्या मुलाने थोडा विचार केला आणि घरी विचारून सांगतो म्हणाला. अजान झाली तेव्हा तिघांनी एकाच ताटलीतला खजूर उचलला. त्याचा तिसरा रकाना त्या ओळीपुरता रिकामा आहे. तो भरून घेऊन तो पुन्हा येणार आहे, आणि मी ओट्यावर बसून त्याची वाट पाहतो आहे.